नळीतल्या वायूचे तापमान: सेन्सर खरा, तरी आकडा खोटा का?

मापनवेडा

नमस्कार. वायूमापनाच्या कामात असलेल्या मंडळींकडून एका गोष्टीचा उलगडा हवा आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

एकाच नळीवर दोन ठिकाणी नैसर्गिक वायू मोजला जातो. पाठवणाऱ्या टोकाला अल्ट्रासोनिक मीटर (ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा) आहे. घेणाऱ्या टोकाला २०० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर टर्बाइन मीटर (वायूने फिरणाऱ्या पात्यांवरून मोजणारा) आहे आणि तिथला दाब साधारण १८ बार असतो. रात्री मागणी जास्त असते, वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास जातो आणि दोन्ही मीटरांचे तासाचे आकडे ०.२ टक्क्याच्या आत जुळतात. दुपारी मागणी उतरते, वेग अर्ध्या मीटरवर येतो आणि त्या वेळी घेणाऱ्या टोकाचा आकडा जवळजवळ १ टक्क्याने कमी भरतो. दाब बदलल्यामुळे नळीत साठणाऱ्या किंवा रिकाम्या होणाऱ्या वायूचा हिशेब धरूनच हे सांगत आहे.

दाबाचे ट्रान्समीटर तपासून झाले, ते ठीक आहेत. मग संशय तापमानावर आला. वायूचे आकारमान १५ अंश सेल्सिअसला, म्हणजे २८८.१५ केल्विनला आणून सांगायचे असल्यामुळे तापमानात १ अंशाची चूक झाली की आकारमानात सुमारे ०.३५ टक्क्याची चूक होते. शिवाय वायूचा संपीड्यता गुणांकही (आदर्श वायूच्या नियमापासून तो किती ढळतो ते) तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे १८ बारला ही चूक ०.४ टक्क्यापर्यंत जाते. (६० बारच्या नळीवर ती अर्ध्या टक्क्याच्या घरात पोचते.) तेव्हा १ टक्का फरक पडायला तापमान अडीच अंशांनी जास्त दिसत असले पाहिजे. पण आरटीडी (विजेच्या रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर) बाहेर काढून ड्राय ब्लॉकमध्ये (ठरावीक तापमानाला ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यात) तपासला, तर त्याची चूक ०.१ अंशसुद्धा भरत नाही. मीटर रनवर (मीटरलगतच्या नळीवर) तपासणीसाठी दुसरे थर्मोवेल (तापमापक आत घालायची, टोकाला बंद असलेली धातूची दांडी) आहे, त्यात संदर्भ तापमापक घालून पाहिला. तोही आरटीडीशी जुळतो. आता आणखी काय तपासावे?

चौथी तार

आरटीडी किती तारांचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या आरटीडीचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. म्हणजे दोन तारांच्या जोडणीत वायरचा नुसता १ ओहम रोध मिसळला, तरी २.६ अंश जास्त दिसतात. तीन तारांच्या जोडणीत हा रोध वजा होतो खरा, पण तिन्ही तारा सारख्या आहेत हे गृहीत धरूनच. जोडणी-डब्यातला एखादा स्क्रू गंजला आणि एका तारेत ०.१ ओहम वाढला, की पाव अंश गेलाच. चार तारांची जोडणी असेल तर ही कटकट उरत नाही.

सेन्सरचा वर्गही पाहा. आयईसी ६०७५१ या मानकाप्रमाणे २० अंशाला ‘ब’ वर्गाच्या सेन्सरला ०.४ अंशाची मुभा आहे, ‘अ’ वर्गाच्या सेन्सरला ०.१९ अंशाची. के प्रकारचे थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचा तापमापक) कोणी बसवले असेल, तर उत्तम प्रतीच्या थर्मोकपललाही दीड अंशाची मुभा असते. हिशेबाच्या मापनात त्याचे काम नाही.

मापनवेडा

चार तारा आहेत, ‘अ’ वर्गाचा सेन्सर आहे, ट्रान्समीटर सेन्सरच्या डोक्यावरच बसवलेला असून त्यात त्या सेन्सरचे स्वतःचे कॅलेंडर-व्हॅन ड्युसेन गुणांक (रोधावरून तापमान काढायचे) भरलेले आहेत. फ्लो कॉम्प्युटरकडे आकडा हार्ट या डिजिटल संदेशपद्धतीने अंकांतच जातो, त्यामुळे ४ ते २० मिलिअँपिअरच्या रूपांतराची चूकही मध्ये येत नाही.

चौथी तार

मग विजेच्या बाजूने माझे म्हणणे संपले. आपली साखळी माझ्याकडच्यापेक्षा बरी आहे.

जुनाच फिटर

मला मूळ संशयच पटलेला नाही. टर्बाइन मीटर कमी वेगाला बेअरिंगच्या घर्षणामुळे कमीच मोजतो. आपला कमीतकमी वेग मीटरच्या क्षमतेच्या तळाशी आहे. दुपारी वेग कमी आणि आकडाही कमी. यात तापमानाला कशाला ओढायचे? बेअरिंगला तेल कधी दिले होते, ते आधी सांगा.

मापनवेडा

शंका रास्त आहे. तेल वेळच्या वेळी दिले जाते, पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही मान्य. म्हणून मागच्या नोंदी पुन्हा काढल्या आणि आभाळ भरलेल्या दुपारी वेगळ्या केल्या. वेग तोच, अर्ध्या मीटरचा. फरक मात्र ०.३ टक्क्याच्या आसपास. कडक उन्हाच्या दुपारी तोच फरक ०.९ ते १.१ टक्के. बेअरिंगला ऊन-सावली कळत नसावी.

जुनाच फिटर

नोंदी बोलल्या, आता मी काय बोलणार. मात्र ढगाळ दुपारच्या त्या ०.३ मध्ये माझ्या बेअरिंगचा वाटा आहे, एवढे म्हणणे सोडत नाही.

पंखवाला

आपल्या पहिल्या मजकुरात थर्मोवेलचा उल्लेख आहे, पण त्याच्या लांबीचा नाही. माझ्या मते सगळे दुखणे तिथेच आहे. थोडे सविस्तर लिहितो.

तापमापक नेहमी स्वतःचेच तापमान सांगतो. ते वायूइतके असेल की नाही, हे त्याच्या भोवतालावर ठरते. थर्मोवेल ही पोलादाची दांडी आहे. तिचे एक टोक वायूत आहे आणि दुसरे उन्हात तापलेल्या फ्लॅन्जला (बोल्टांनी जोडायच्या जाड कड्याला) घट्ट बसवलेले आहे. फ्लॅन्जकडून उष्णता दांडीतून खाली उतरते आणि वाटेत वायू ती धुऊन नेतो. वायू जोरात वाहत असेल तर टोकापर्यंत काही पोचत नाही. वायू संथ असेल किंवा दांडी आखूड असेल, तर बरीच उष्णता टोकाला पोचते आणि सेन्सर अधेमधेच कुठेतरी स्थिरावतो. पाणी किंवा तेल असते तर हा प्रश्न इतका छळत नाही, कारण द्रव उष्णता झटकन ओढून घेतो. वायूच्या अंगी ते नाही.

आता आकडे घालून पाहू. समजा, थर्मोवेलचा बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, आतले छिद्र ७ मिलिमीटर आणि स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला १५ वॉट. १८ बार दाब आणि अर्धा मीटर वेग यांना वायूकडून मिळणारा उष्णता-संक्रमण गुणांक चौरस मीटर-केल्विनला १०० वॉटच्या आसपास येतो. ५ मीटर वेगाला तोच ४५० च्या जवळ जातो. पंखांच्या (उष्णता नेणाऱ्या धातूच्या फिन्सच्या) उष्णतावहनाचे जे नेहमीचे सूत्र आहे, त्यात हे घातले की वायूत बुडालेली लांबी ५० मिलिमीटर असताना संथ प्रवाहात फ्लॅन्ज आणि वायू यांच्या तापमानांतला २८ टक्के फरक टोकाला दिसतो. फ्लॅन्ज वायूपेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर सेन्सर २.८ अंश जास्त दाखवणार. आपला १ टक्का इथेच सापडतो. तेच थर्मोवेल, तोच फ्लॅन्ज, पण वेग ५ मीटर असेल तर चूक ३ टक्के, म्हणजे ०.३ अंश. आणि बुडालेली लांबी १०० मिलिमीटर असेल तर संथ प्रवाहातही ४ टक्केच.

लांबी दुप्पट केल्यावर चूक निम्मी झाली नाही, सातव्या हिश्शावर आली, हे लक्षात घ्या. म्हणून बुडालेल्या लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरला किंमत आहे आणि सेन्सरचा वर्ग ‘ब’ वरून ‘अ’ करण्यात जो खर्च होतो, त्याचा उपयोग त्यानंतर.

आपल्या थर्मोवेलची फ्लॅन्जखालची लांबी किती आहे? आणि नोझल, म्हणजे नळीपासून फ्लॅन्जपर्यंतचा उभा तुकडा, किती उंच आहे? दोन्ही मोजून सांगा. नकाशावरचे आकडे नकोत.

मापनवेडा

थर्मोवेल फ्लॅन्जखाली १५० मिलिमीटर आहे, एवढे ठाऊक होते आणि त्यावर मी निश्चिंत होतो. आज स्टीलची पट्टी घेऊन नोझल बाहेरून मोजला, नळीच्या भिंतीची जाडी मिळवली. एकूण १०० मिलिमीटर. म्हणजे प्रवाहात ५० मिलिमीटरच आहेत. उरलेली दांडी नोझलच्या डबक्यात उभी आहे, जिथे वायू हलतसुद्धा नाही.

एक शंका राहते. तपासणीच्या थर्मोवेलमध्ये संदर्भ तापमापक घातला, तो आरटीडीशी कसा जुळला?

पंखवाला

ते थर्मोवेलही त्याच मापाचे आणि त्याच उंचीच्या नोझलवर असणार. साक्षीदार दोन, पण दोघेही एकाच खिडकीत उभे. फ्लॅन्जची उष्णता दोघांना सारखीच चुकवते आणि दोघे बिनचूक एकमत होतात. या जुळण्यावर विसंबून किती तरी तक्रारी ‘तापमान तपासले, ठीक आहे’ असा शेरा मारून बंद होतात. ड्राय ब्लॉकचेही तसेच आहे: त्याने सेन्सर तपासला जातो, मापन तपासले जात नाही.

शून्य अंश

ड्राय ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. ज्यांच्याकडे महागडी साधने नाहीत त्यांनी बर्फावरची तपासणी विसरू नये, मात्र ती नीट करावी. पाण्यात बर्फाचे चार खडे तरंगत ठेवणे म्हणजे शून्य अंश नव्हे. पाण्याची घनता ४ अंशाला सर्वाधिक असल्यामुळे तसल्या भांड्याच्या तळाशी तेच पाणी बसते आणि सेन्सरचे टोक नेमके तिथे असते. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटावा, थर्मास काठोकाठ भरावा, फटी भरतील एवढेच गार शुद्ध पाणी घालावे, तळाला साचलेले पाणी अधूनमधून काढून वरून बर्फ दाबत राहावे. सेन्सर बर्फाच्या मध्यात, चांगला खोल जायला हवा. तो वरवर खोचला तर पंखवाला यांनी सांगितलेली चूक त्या थर्मासमध्येही होते. एवढे केले की चांगल्या पीटी-१०० चे १०० ओहम डोळ्यांनी पाहता येतात.

नवा शिकाऊ

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. थर्मोवेलची एवढी भानगड असताना सेन्सर नळीच्या बाहेरून चिकटवून वर इन्सुलेशन गुंडाळले तर चालणार नाही का?

पंखवाला

बाळबोध नाही, पुष्कळ ठिकाणी तसे करतातही. पण तेव्हा नळीच्या भिंतीचे तापमान मोजले जाते. भिंत आणि वायू यांच्यात वायूचा पातळ, उष्णता सहजासहजी न जाऊ देणारा थर असतो आणि प्रवाह संथ झाला की तो अधिकच आडवा येतो. दोन्ही बाजूंनी काही मीटर नळी चांगली गुंडाळली आणि वेग पुरेसा असला, तर अंदाजाला हे ठीक आहे. आपल्या धागाकर्त्यांची अडचण अर्ध्या मीटरच्या वेगाला आहे, तिथे हा उपाय टिकणार नाही.

उताराकडचा

मीटरच्या आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर आहे का? दाब उतरला की नैसर्गिक वायू ज्यूल-थॉमसन परिणामाने गार होतो, दर बारला साधारण ०.४ ते ०.५ अंश. ६० बारवरून २० बारवर आणले तर जवळजवळ २० अंशांची उतरण होते. त्यासाठी आधी हीटर असेल तर त्यामागे गरम आणि गार वायूचे पट्टे बरेच अंतर न मिसळता वाहतात, आणि थर्मोवेल त्यांतल्या एकाचेच तापमान सांगते.

ऑरिफिस प्लेट (भोक असलेली, दाबफरकावरून प्रवाह मोजणारी चकती) असलेल्यांसाठी वेगळे सांगतो. तिथे आयएसओ ५१६७ प्रमाणे थर्मोवेल प्लेटनंतर किमान ५ आणि वायूसाठी जास्तीत जास्त १५ व्यासांवर असते, पण हिशेब प्लेटच्या आधीच्या तापमानाचा लागतो. पाव बारच्या दाबफरकाला हा फरक ०.१ अंशाच्या आसपास राहतो. ऑरिफिसमध्ये घनता वर्गमुळात येत असल्यामुळे तापमानाच्या चुकीचा परिणामही साधारण निम्मा होतो, ही त्यातली जमेची बाजू.

मापनवेडा

रेग्युलेटर मीटरनंतर आहे, हीटर नाही. ती शक्यता आमच्याकडे नाही.

तेव्हा आता लांब थर्मोवेल मागवावे हे उघड दिसते. १०० मिलिमीटर नोझल आणि १०० मिलिमीटर प्रवाहात, असे २०० मिलिमीटरचे. किंवा एकदाच ३०० चे घेऊन नळीच्या पलीकडच्या भिंतीजवळ पोचावे का?

कंपनमापी

कृपया ३०० चे मागवू नका! इतका वेळ सगळे उष्णतेविषयी बोलत होते म्हणून गप्प होतो.

प्रवाहात उभ्या दांडीच्या मागे आलटूनपालटून भोवरे सुटतात आणि तेवढ्याच वारंवारतेने दांडी आडवी हलवली जाते. वारंवारता काढणे सोपे आहे: वेग भागिले व्यास, गुणिले सुमारे ०.२२. धागाकर्त्यांचा कमाल वेग किती आहे ते ठाऊक नाही, १० मीटर धरतो. २० मिलिमीटर दांडीला ११० हर्ट्झ येतात. शिवाय प्रवाहाच्या दिशेने याच्या दुप्पट, २२० हर्ट्झचा हिसका बसतो, तो लोक विसरतात. दांडीची नैसर्गिक वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आपल्या मापाच्या दांडीला २०० मिलिमीटर लांबीवर साधारण ३६० हर्ट्झ मिळतात, फ्लॅन्जच्या बैठकीची लवचिकता धरली तर ३३० म्हणा. ३०० मिलिमीटरला त्याच १६० च्या घरात येतात, म्हणजे २२० चा हिसका वेग वाढतानाच अनुनाद गाठणार. लक्षात ठेवा, नोझलमधला १०० मिलिमीटरचा भागही आधाराशिवायच आहे, तो लांबीत धरायचाच.

हे कागदी भय नव्हे. जपानमधील मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी याच कारणाने द्रव सोडियमच्या नळीतले थर्मोवेल तुटले आणि गळती होऊन आग लागली. तिथे प्रवाहाच्या दिशेचे कंपनच नडले होते. पुढे २०१० साली आलेल्या एएसएमईच्या पीटीसी १९.३ टीडब्ल्यू या मानकात या कंपनाची तपासणी आली. ते गणित पुरवठादाराकडून लेखी मागा. आपला कमाल वेग, दाब आणि नोझलची उंची द्या. ‘नेहमीचेच आहे, काही होत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

मापनवेडा

कमाल वेग ९ मीटर आहे. आपण दिलेल्या हिशेबाने २०० मिलिमीटर बसते. गणित मागवले आहे.

पंखवाला

२०० नळीच्या मध्यापर्यंत पोचते, त्यापलीकडे गेल्याने उष्णतेच्या दृष्टीनेही काही मिळणार नव्हते. कंपनमापी यांचे आभार, ही बाजू मी लिहायला हवी होती.

थर्मोवेल येईपर्यंत एक करता येईल. फ्लॅन्ज, नोझल, सेन्सरचे डोके आणि दोन्ही बाजूंची मीटरभर नळी इन्सुलेशनने झाका आणि वर सावली करा. चूक फ्लॅन्ज आणि वायू यांच्या फरकाच्या प्रमाणात असते; लांबी आज वाढवता येत नसली तरी फरक कमी करता येतो.

चौथी तार

आणि थर्मोवेलच्या छिद्रात सेन्सर सैल असेल तर त्याचे टोक स्प्रिंगने तळाला टेकलेले आहे ना, ते पाहा. मध्ये हवेची फट राहिली की सेन्सर थर्मोवेलपेक्षा स्वतःच्या आवरणाचे जास्त ऐकतो. थोडे उष्णतावाहक तेल घातले की हे सुधारते. तेल घालण्यापूर्वी छिद्रात पाणी साचलेले नाही ना, तेही बघा. पावसाचे पाणी तिथे हमखास सापडते.

नळीतला आवाज

एक पुस्ती. पाठवणाऱ्या टोकाला अल्ट्रासोनिक मीटर आहे, तर तिथल्या तापमानाची झडती रोज आपोआप घेता येते. मीटर वायूतला ध्वनिवेग स्वतः मोजतो. दाब, तापमान आणि वायूची घटकरचना यांवरून तोच वेग गणितानेही काढता येतो. ध्वनिवेग केल्विनच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून १ अंशाच्या चुकीला सुमारे ०.१७ टक्के, म्हणजे सेकंदाला ०.७ मीटरच्या आसपास तफावत दिसते. दोन्ही वेगांत दुपारी तफावत आणि रात्री नाही, असे दिसले तर तिथल्या नोझललाही पट्टी लावा. टर्बाइन मीटरवर ही सोय नाही.

मापनवेडा

सर्वांना उशिरा उत्तर देत आहे, कारण हातात आकडे असल्याशिवाय लिहायचे नव्हते.

आधी इन्सुलेशन आणि सावली केली. कडक उन्हाच्या दुपारचा फरक १ टक्क्यावरून ०.५ वर आला. त्यानंतर गणित मंजूर होऊन २०० मिलिमीटरचे थर्मोवेल बसवले, छिद्रात तेल घातले. आता उन्हाच्या दुपारी फरक ०.२ ते ०.३ टक्के राहतो आणि तो ढगाळ दुपारीही तेवढाच असतो. जुनाच फिटर यांनी तेवढ्यावर आपला हक्क सांगितला होता, तो मी त्यांना देऊन टाकतो. मीटर पुढच्या बंदच्या वेळी कॅलिब्रेशनला जाणार आहे.

जुने थर्मोवेल बाहेर काढले तेव्हाचे दृश्य सांगण्यासारखे आहे. टोकाकडचा दोन-अडीच बोटे भाग वायूतल्या बारीक धुळीने घासून चकचकीत झाला होता, आणि त्याच्या वर, जणू कोणी दोरा बांधून आखावी तशी सरळ रेघ, तिच्यावर फ्लॅन्जपर्यंत तांबूस चिकट थर. प्रवाह कुठवर पोचत होता, ते दांडीवरच लिहिलेले होते.

नळीतला आवाज

आणि पाठवणाऱ्या टोकाचा ध्वनिवेग?

मापनवेडा

दुपारी ०.३ मीटर तफावत, रात्री काही नाही. तिथे जाताना पट्टी सोबत नेणार आहे.